चार रुपये एकतीस पैशांची स्कूटर

सम्राटला स्कूटर फुकट नको होती. फुकटचं खाणाऱ्यांतला तो नव्हे. चार-पाच रुपयांपर्यंत मोजायची त्याची तयारी होती.

सव्वा लाखाची इलेक्ट्रिक स्कूटर चार-पाच रुपयांना कोण देईल, असा प्रश्न एखाद्या सामान्य माणसाला पडला असता. सम्राट सामान्य नव्हता. तो सूतगिरणीत हजेरी क्लार्क होता. त्यानं टिक केली की माणूस आहे, नाही केली की नाही, मग तो माणूस समोर उभा राहून बोंबलत असला तरी. अशा अधिकारपदावर चौदा वर्षं काढली की जगात काहीच अशक्य वाटत नाही.

स्कूटर हवी होती बायकोसाठी. प्रियदर्शनी कागलच्या शाळेत शिकवायची आणि दोन बस बदलून जायची. जुनी गाडी दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रंकाळ्याच्या कडेला जी थांबली, ती भंगारवाल्यानंच किलोवर उचलून नेली. इथवरही ठीक होतं. पण गणपतीत गडहिंग्लजला, सासुरवाडीच्या पंगतीत, मोदकावर तूप ओढता ओढता सासरे बाळासो सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमानं म्हणाले, ‘‘दसऱ्याला पोरीला गाडी मीच घिऊन देतो. जावईबापूंची वढाताण व्हतीया.’’

पंगतीत अकरा माणसं होती आणि वाढपी चार. पंधरा जणांनी एकदम सम्राटच्या ओढाताणीकडे पाहिलं. मोदक घशात असतानाच सम्राटच्या तोंडातून निघून गेलं, ‘‘मामा, दसऱ्याला गाडी दारात उभी असेल. माझ्या हिमतीवर.’’

‘‘असली तर ब्येसच,’’ बाळासो म्हणाले. ‘‘नसली तर मी घिऊन येतोच.’’

म्हणजे दसऱ्यापर्यंत स्कूटर आली नाही, तर रोज सकाळी खिडकी उघडली की सासऱ्याची ओढाताणमुक्ती दारात स्टँडवर उभी दिसणार. आणि सम्राटच्या बँकेत त्या घडीला स्कूटरचा आरसा येईल एवढी शिल्लक होती. एका बाजूचा.

अशा वेळी माणसाला देव भेटतो किंवा यशराज भेटतो. सम्राटला यशराज भेटला. हा गिरणीच्या स्टोअरमध्ये होता आणि त्याच्या बोलण्यात गेले दोन महिने ‘अपलाइन’, ‘डाउनलाइन’ असे प्लंबिंगचे शब्द येत होते. टपरीवर त्यानं मोबाइल पुढं केला. ॲपचं नाव होतं न्यूनांक परिवार.

‘‘कंपनी न्हाय भावा, परिवार हाय,’’ यशराज म्हणाला. ‘‘इथं लिलाव उलटा. सगळ्यात कमी बोली जिंकती.’’

सम्राटनं हजेरी क्लार्कच्या चाणाक्षपणे विचारलं की मग सगळेच एक पैसा म्हणतील. यशराज म्हणाला, म्हणूदेत. एका आकड्यावर दोघं आले की दोघंही जळाले. बोली सगळ्यात कमी पाहिजे आणि एकट्याचीच पाहिजे.

रात्री जेवताना सम्राटनं हे बायकोला समजावून सांगितलं. समज, आपल्या जिन्यात सगळ्यात खालच्या पायरीवर बसेल त्याला बक्षीस आहे. पण पायरीवर तो एकटाच पाहिजे. दुसरा येऊन टेकला की दोघांनीही उठायचं. नऊशे नव्व्याण्णव रुपये भरले की परिवारात प्रवेश आणि पाच बोल्या. आणि नवीन सदस्य आणला की आणखी दहा बोल्या.

प्रियदर्शनी गणिताची शिक्षिका होती. तिनं आमटीत भाकरी कुस्करत विचारलं, ‘‘म्हणजे आपल्याला जिन्यात एकट्यानं बसायचंय, आणि त्यासाठी गर्दी आपणच बोलवायची?’’

सम्राट म्हणाला की तिला मार्केटिंग कळत नाही.

परिवारात शिरणं मात्र सोपं नव्हतं. आधार झालं, पॅन झालं, मग ॲप म्हणालं की कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा. सम्राटनं मिचकावले. नामंजूर. पुन्हा मिचकावले. नामंजूर. अकरा वेळा मिचकावून झाल्यावर त्यानं हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी अतिशय अदबीनं म्हणाली, ‘‘सर, आपण जिवंत असल्याची खात्री सिस्टिमला पटत नाहीये.’’ चौदा वर्षं इतरांच्या हजेऱ्या मांडणाऱ्या माणसाला स्वतःची हजेरी लावता येईना. शेवटी प्रियदर्शनीनं कानाशी टाळी वाजवली तेव्हा तो दचकून जिवंत झाला.

पहिल्या पाच बोल्या चार मिनिटांत जळाल्या. एक पैसा त्यानं अशा हिशेबानं लावला होता, की इतका हलका विचार दुसरं कोण करेल. कोल्हापूर विभागात दोनशे तेरा जणांनी केला होता. रोज संध्याकाळी ॲप जाहीर करायचं की अमुक आकड्यापर्यंत सगळं जळून खाक झालं आहे. बोल्या संपल्या होत्या. आता माणसं हवी होती.

सम्राट राहायचा त्या बिल्डिंगमध्ये तीन मजले, नऊ बिऱ्हाडं आणि एक पाण्याची टाकी होती. पहिला गळाला लागला वरच्या मजल्यावरचा मीरासाब चाचा. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टर, सगळी कोल्हापूर–गडहिंग्लज मार्गावर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की ‘‘पुढं सरका, पुढं सरका’’ म्हणायचा. त्याला स्कूटर नको होती. त्याची बायको हुसेनबी म्हणाली, घरात एक सायकल आहे ती पण जागा खाते. पण सम्राट शेजारी, अडीअडचणीला धावणारा. त्याला पाहिजे म्हणजे पाहिजे. चाचानं पैसे भरले, आणि पावती मागितली. ॲप पावती देत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू परिवार विनातिकीट प्रवास करताना सापडलाय.

बिल्डिंगमधल्या लोकांनी पैसे भरण्याआधी सल्ले भरले. कुणी म्हणालं नृसिंहवाडीला जाऊन ये, मग आकडा आपोआप सुचतो. कुणी म्हणालं आकडा सुचतो पण सांगायचा नसतो. तळमजल्यावरच्या एकानं, ज्याचा मेहुणा शिरोळला ट्रॅक्टर विकत होता, गाडीच्या विषयातला जाणकार म्हणून असा सल्ला दिला की ट्रॅक्टर घे.

राहता राहिली शालूबाई. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, वर्षभर चटण्या करून विकायची, आणि सम्राटशी तिचं उभं वैर होतं. सम्राटची जुनी गाडी भंगारात गेली, त्याच दुपारी तिनं त्याच्या पार्किंगच्या जागेत सादळलेल्या मिरच्या वाळत घातल्या. सम्राट म्हणाला होता की काकू, ही जागा गाडीची आहे. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, एक मिरची उचलून तिच्याखाली पण बघितलं आणि विचारलं, ‘‘गाडी कुठाय?’’

तेव्हापासून बोलणं बंद. पण दहा बोल्या म्हणजे दहा बोल्या. सम्राट मान खाली घालून जिना चढला आणि दारात उभं राहून त्यानं सगळी योजना समजावून सांगितली. शालूबाईनं खलबत्ता न थांबवता ऐकलं.

‘‘भरते पैसं,’’ ती म्हणाली. ‘‘तू किती खड्ड्यात जातोस ते जवळनं बघायचंय.’’

परिवाराच्या भाषेत याला ‘प्रेरित सदस्य’ म्हणतात.

आता सम्राटनं एक पथ्य काटेकोर पाळलं होतं. गडहिंग्लजला यातलं काही कळता कामा नये. पण मीरासाब चाचानं बोल्यांसाठी म्हणून आपल्या डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरला सदस्य केलं. तो ड्रायव्हर निघाला बाळासोंच्या भावकीतला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

‘‘जावईबापू, हिमतीवर म्हणजे असं व्हय? आदी सांगायचं की. आमी काय मेलो व्हतो?’’

बाळासोंनी तीस वर्षं विकास सोसायटीच्या निवडणुका लढवल्या होत्या. जिंकल्या किती हे विचारायचं नसतं. त्यांनी पाच दिवसांत गडहिंग्लजातून सव्वीस सदस्य उभे केले. बोल्या कशासाठी असतात हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. जावयाचं काहीतरी आहे, एवढं पुरे होतं.

स्वतः आणलेल्या सहा सदस्यांच्या जिवावर सम्राटकडे आता साठ बोल्या जमल्या. त्यातल्या अठ्ठावन्न जळाल्या. तोवर ॲपनं जाहीर केलं होतं की चार रुपयांपर्यंतचे सगळे आकडे खाक. लिलाव बंद व्हायला तीन दिवस उरले असताना, गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यानं चार रुपये तेवीस पैसे दाबले. पडदा हिरवा झाला. ‘आपली बोली एकमेव आहे व सध्या सर्वांत कमी आहे.’

सम्राट त्या दिवशी सगळ्यांची हजेरी भरून घरी आला, न आलेल्यांचीसुद्धा. आकडा त्यानं फक्त बायकोला सांगितला. प्रियदर्शनीनं फक्त आईला सांगितला. आईनं देवापुढं सांगितला, तेव्हा बाळासो शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात मीरासाब चाचा, हातात पेढ्याचा पुडा, मागं सगळी बिल्डिंग.

‘‘सम्राटराव, काळजी सोडा,’’ चाचा म्हणाला. ‘‘गडहिंग्लजातनं रात्रीच आकडा आला. चार तेवीसला बिल्डिंगचं एकगठ्ठा मतदान झालं. एक मत इकडचं तिकडं न्हाय.’’

सम्राट काही बोलायच्या आत खिशात फोन वाजला. बाळासोंचा आवाज विजयी उमेदवारासारखा बसलेला होता. ‘‘सव्वीसच्या सव्वीस! एक फुटलं न्हाय. म्हातारीला काठी धरून आणली, पन तिचंबी अंगठ्यानं दाबून घेतलं.’’

सम्राटनं ॲप उघडलं. चार रुपये तेवीस पैसे या आकड्यावर बेचाळीस जण बसले होते. त्या पायरीवर आता मुंगीला जागा नव्हती.

त्यानं पेढा हातात धरूनच सगळ्यांना पुन्हा समजावलं. एका आकड्यावर एकच माणूस पाहिजे. दोन आले की संपलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तळमजल्याचा म्हणाला की हे पटण्यासारखं नाही. जास्त मतं पडल्यावर माणूस हरतो, असली कुठली निवडणूक? मीरासाब चाचा दुखावल्यासारखा झाला. त्यानं मत द्यायच्या आधी हातपाय धुऊन वजू केला होता. एकटी शालूबाई कठड्याला टेकून समाधानानं पेढा खात होती. चार तेवीसला मत दिलं नाही असं बिल्डिंगमधलं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ती.

सम्राट दिवसभर कामावर गेला नाही. स्वतःची गैरहजेरी त्यानं फोनवरून स्वतःच मांडायला सांगितली. दुपारी पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट सुचली आणि तो ताडकन उठला. ज्या प्रेमानं त्याचा आकडा जळाला, त्याच प्रेमानं दुसऱ्यांचे जाळता येतील.

त्यानं उरलेली शेवटची बोली गुपचूप लावली. चार रुपये एकतीस पैसे. ॲप म्हणालं, ‘आपली बोली एकमेव आहे. परंतु हिच्याखाली आणखी तीन एकमेव बोल्या आहेत.’ म्हणजे चार रुपये एक पैसा ते चार रुपये तीस पैसे यांच्यात कुठंतरी तिघे अनोळखी इसम आपापल्या पायरीवर एकेकटे बसलेले. ते कुठं बसलेत हे ठाऊक नाही. मग प्रत्येक पायरीवर आपली दोन-दोन माणसं नेऊन बसवायची. असेल नसेल तो उठेल. एकच माणूस बसवून चालणार नव्हतं. पायरी रिकामी निघाली, तर आपलाच माणूस एकटा पडून जिंकायचा.

बाळासोंना फोनवर हे सांगताना त्याला घाम फुटला होता. पण सासरे अर्ध्या वाक्यात ओरडले, ‘‘म्हंजे निवडून यायचंच न्हाय? निस्तं पाडायचं? अवो मग हे आदी का न्हाय सांगितलं? पाडापाडीत आमचा हात कोण धरनार न्हाय.’’

सम्राटनं गिरणीच्या हजेरीपत्रकावर यादी केली. चार एक ते चार पंधरा गडहिंग्लज, चार सोळा ते चार तीस बिल्डिंग. प्रत्येक आकड्यापुढं दोन नावं. हुसेनबी आणि तळमजल्याचा यांची जोडी चार सतराला. मीरासाब चाचाची जोडी कुणी घेईना अशा शालूबाईशी, चार अठ्ठावीसला. शालूबाई म्हणाली, मीरासाबभाऊ सांगतोय म्हणून दाबीन, तुझ्यासाठी न्हाय.

यादी वाचून झाल्यावर मीरासाब चाचानं चष्मा कपाळावर ढकलला. ‘‘आणि तुमचा आकडा?’’

‘‘तो गुप्त आहे, चाचा.’’

‘‘आमच्यापासनं?’’

सम्राटनं पेनाला टोपण लावलं.  चाचानं यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, आणि घडी घालून खिशात ठेवली.

शेवटच्या दिवशी, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहाला लिलाव बंद होणार होता. दुपारपासून आकडे जळत होते. गडहिंग्लजातून दर दहा मिनिटांनी फोन येत होता, चार तीन पाडला, चार नऊ पाडला, चार बाराचं डिपॉझिट जप्त. ‘तीन एकमेव बोल्या’च्या दोन झाल्या, मग एक. मग पावणेसहाला पडदा हिरवा झाला, ‘सर्वांत कमी’, आणि दोनच मिनिटांत पुन्हा पिवळा, ‘हिच्याखाली एक एकमेव बोली’. सम्राटनं हजेरीपत्रक पुढं ओढलं. सगळ्या नावांपुढं टिक होती. शालूबाईनंसुद्धा आत्ताच वरून ओरडून सांगितलं होतं, दाबलं म्हणून. टिक नव्हती फक्त एका नावापुढं. मीरासाब चाचा, चार अठ्ठावीस.

पाच वाजून चोपन्न मिनिटं. चाचाचा फोन लागत नव्हता. सम्राट जिन्यानं वर धावला. दार उघडंच होतं. चाचा खुर्चीत ताठ बसला होता, मोबाइल दोन्ही हातांत तिकिटाच्या मशीनसारखा धरलेला.

‘‘चाचा, मत!’’

‘‘एकच बोली शिल्लक हाय माझी. ती मी शेवटाला ठिवली व्हती,’’ चाचा म्हणाला. सम्राटकडे बघून प्रेमानं हसला आणि अंगठा दाबला. ‘‘पडलं.’’

सम्राटनं तिथंच उंबऱ्यावर बसून आपलं ॲप उघडलं. पडदा लाल होता. ‘आपली बोली एकमेव नाही.’

त्यानं पुन्हा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, ‘‘चाचा, कुठला आकडा दाबला?’’

‘‘चार एकतीस,’’ चाचा म्हणाला. ‘‘तुमी सांगितला न्हाय म्हणून काय आमाला कळत न्हाय? अठ्ठावीस वर्सं तिकिटं फाडली मी. तिसापर्यंत सगळी फाटली म्हंजे पुढचं एकतीसच की.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘सगळ्यांनी तुमाला पाडापाडीची मतं दिली. म्हटलं, एक तरी खरं मत पडू दे.’’

हुसेनबीनं चहा आणला. सम्राटनं तो घेतला. दुसरं काय करणार. इतकी वर्षं लोकांची गैरहजेरी मांडून आज पहिल्यांदाच त्याला कुणीतरी नको तिथं हजर राहिल्याचा फटका बसला होता, आणि त्या माणसावर रागवायचं कसं, हे गिरणीच्या नियमावलीत नव्हतं.

सहा वाजता सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. विजेती बोली चार रुपये अठ्ठावीस पैसे. जोडीतला दुसरा न आल्यामुळं त्या पायरीवर एकटीच बसून राहिलेली भाग्यवान सदस्य, शालूबाई. प्रेरक सदस्य, सम्राट. खाली सम्राटचा डोळे मिचकावतानाचा फोटो.

त्यानंतर दहा मिनिटांनी दार वाजलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच शालूबाई एकटी, आपण होऊन त्याच्या दारात आली होती.

‘‘ती गाडी,’’ तिनं विचारलं, ‘‘लावायची कुठं म्हणतोस?’’

परिवारानं दसऱ्याचा मुहूर्त साधला. पिवळ्याधमक रंगाची स्कूटर टेम्पोतून उतरली. शालूबाईच्या स्वतःच्या जागेत आता पापड होते, म्हणून मिरच्या दोन हात सरकवून गाडी सम्राटच्या जागेत उभी राहिली. कंपनीच्या माणसाला विजेता आणि प्रेरक यांचा हसरा फोटो हवा होता. तो सात वेळा काढावा लागला. शालूबाई पहिल्याच वेळी हसली होती.

हार घातला, नारळ फोडला, आणि त्याच वेळी गेटमधून बाळासोंची जीप आत आली. आठ मतदार मागं दाटीनं बसलेले. बाळासोंनी गाडी पाहिली. हार पाहिला. जावयाच्या जागेत, जावयाच्या दारात, दसऱ्याच्या दिवशी उभी. ॲपवर जावयाचा फोटो त्यांनी आधीच पाहिला होता. ते उतरले आणि सगळ्या बिल्डिंगसमोर त्यांनी सम्राटला मिठी मारली.

‘‘हिमतीवर म्हणला व्हता,’’ ते म्हणाले.  ‘‘पंगतीत मी उगंच बोललो.’’

पाच आठवडे सम्राट या एका वाक्यासाठी जळत होता, अक्षरशः पैशापैशानं. ते आता खांद्यावर पडलं होतं. तो दोन सेकंद गप्प राहिला असता तर ते त्याचंच झालं असतं. त्यानं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर शालूबाई हनुवटी टेकून वाट बघत होती.

‘‘मामा,’’ सम्राट म्हणाला, ‘‘गाडी माझी नाही. काकूंची आहे.’’

आठही मतदार जीपमध्ये हलायचे थांबले. मीरासाब चाचा आपल्या चपलांकडे बघू लागला. शालूबाईनं वरून दोरीची पिशवी खाली सोडली, ज्यातून ती रोज दूध घ्यायची. ती पिशवी हेलकावे घेत प्रियदर्शनीसमोर येऊन थांबली. आत किल्ली होती.

‘‘पोरी, ही घे,’’ शालूबाई वरून म्हणाली. ‘‘मला कुठं येतीया चालवाय. शाळेला तू ने. मंगळवारी, शुक्रवारी मला अंबाबाईला सोडायचं, रविवारी मिरचीला.’’

प्रियदर्शनीनं किल्ली घेतली. सम्राटनं वर बघून विचारलं, ‘‘आणि मी?’’

‘‘तू पुसायची.’’

तेवढ्यात मिरच्यांवरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि ती सगळी सम्राटच्या वाट्याला गेली. तो डोळे मिचकावू लागला, इतक्या वेळा, की परिवाराच्या कॅमेऱ्यानं आत्ता पाहिलं असतं तर त्याच्या जिवंतपणाबद्दल कसलीच शंका उरली नसती. पाणी गालांवर ओघळलं. बाळासोंनी ते पाहिलं. त्यांनी आपला खांद्यावरचा टॉवेल काढून जावयाच्या हातात दिला, पाठीवर हात ठेवला आणि तीस वर्षांच्या अनुभवानं समजूत घातली.

‘‘मनाला लावून घिऊ नका, जावईबापू. पॅनेल आपलं निवडून आलं की. सभापती कोण का हुईना.’’

सम्राटनं डोळे पुसले. मग टॉवेल हातात होताच, तर स्कूटरचा आरसा पुसायला घेतला. एका बाजूचा.